कपाशी, अनुदान आणि बटाईदार: आर्कान्सामधील पॉइन्सेट काउंटी

१९३३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने शेतकऱ्याला पीक कमी काढण्याबद्दल रोख पैसे देण्यास प्रारंभ केला आणि त्या क्षणापासून शेतीचे अनुदान हा अमेरिकी ग्रामीण जीवनाचा कायमचा भाग झाला. हा पैसा वॉशिंग्टनहून निघत असला, तरी तो कोणाच्या हातात पडावा हे काउंटीच्या पातळीवर ठरत असे. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय घटक. विस्ताराने आपल्याकडील मोठ्या तालुक्याएवढा, परंतु स्वतःचे न्यायालय आणि स्वतःचा निवडून दिलेला शेरीफ असलेला. आर्कान्सा राज्याच्या ईशान्येकडील पॉइन्सेट ही अशीच एक कापूसपिकाची काउंटी असून, १९३३ ते १९३९ या सहा वर्षांत तेथे आणि तिच्या आसपासच्या काउंट्यांत जे घडले त्यातून अनुदानाच्या या व्यवस्थेचा स्वभाव फार लवकर आणि फार स्पष्टपणे उघड झाला. पैसा जमिनीच्या मालकीशी जोडला गेला, त्याच्या वाटपावर जमीनमालकांचीच देखरेख राहिली, आणि जे प्रत्यक्ष कपाशी लावत, निंदत व वेचत होते त्यांच्यापैकी हजारो लोकांना तोच पैसा घराबाहेर काढण्यास कारणीभूत झाला.

पॉइन्सेट काउंटीची पूर्व बाजू ही मुळात दलदलीची भूमी होय. १८११-१२ मध्ये न्यू माद्रिदच्या परिसरात झालेल्या मोठ्या भूकंपांनी सेंट फ्रान्सिस नदीच्या खोऱ्यातील पुष्कळ जमीन खचली आणि पाण्याखाली गेली, त्यामुळे हा भाग पुढे ‘बुडीत जमिनी’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड कंपन्यांनी तेथील जंगल तोडण्यास घेतले; विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बांध घालून व चर खणून पाण्याचा निचरा करण्यात आला, आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी गाळाची काळीभोर, सकस जमीन कपाशीसाठी मोकळी झाली. म्हणजे मिसिसिपी नदीच्या पलीकडील जुन्या मळ्यांप्रमाणे येथील मळे गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेले नव्हते. ते नवे होते, बहुधा कर्जावर उभे होते, आणि त्यांचे मालक शेतीकडे वंशपरंपरागत वैभव म्हणून न पाहता व्यापारी गुंतवणूक म्हणून पाहत असत. या नव्या मळ्यांवर दक्षिणेच्या डोंगराळ भागातून गोरी कुटुंबे आली, जुन्या मळ्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आली, आणि दोघांनाही कसण्याची पद्धत मिळाली ती मात्र जुनीच, बटाईची.

या बटाईत मालक जमीन, राहण्यास लाकडी खोपट, खेचर, अवजारे आणि बियाणे देई. बटाईदार आपल्या बायकापोरांसह अंगमेहनत करी, आणि पीक अर्धे-अर्धे वाटले जाई. मार्चपासून ऑगस्टपर्यंत घरात खाण्यास काही नसे, म्हणून मालक दरमहा उचल देई; ती सहसा रोकड नसून मळ्यावरील दुकानातून मिळणारे मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस आणि काकवी अशा जिनसांच्या रूपाने मिळे. तिच्यावर जबर व्याज लागे. वेचणी आणि जिनिंग उरकल्यावर हिशेब होई, तो मालकाच्या वहीवरून, आणि बहुतेकांच्या नावावर वर्षअखेर थकबाकीच उरे. करार तोंडी असे व एका वर्षापुरता असे. आर्कान्सात मतदानासाठी एक डॉलरचा डोईकर भरावा लागे; बटाईदाराच्या हाती रोकड क्वचितच असल्यामुळे तो मतदार होत नसे, आणि कृष्णवर्णीय बटाईदाराला तर कर भरूनही जी निवडणूक खरोखर निर्णायक असे त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत प्रवेश नसे. ही शेवटची बाब पुढील सर्व घटना समजून घेण्यासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण अनुदानाच्या राजकारणात बटाईदाराचा आवाज कोठेच का उमटला नाही याचे उत्तर तिच्यात आहे.

कापसाचा भाव १९२९ मध्ये पौंडाला सुमारे १७ सेंट होता. १९३१ मध्ये १.७ कोटी गाठींचे प्रचंड पीक आले आणि भाव ६ सेंटांच्याही खाली उतरला. पुढील वर्षी जगभरच्या गोदामांत अमेरिकी कापसाच्या जवळपास १.३ कोटी गाठी न विकलेल्या पडून होत्या, म्हणजे शेतकऱ्यांनी एक वर्ष पेराच केला नसता तरी बाजाराला तुटवडा भासला नसता. आर्कान्सावर तर संकटांची मालिकाच कोसळली होती. १९२७ च्या मिसिसिपी महापुराने खोऱ्यातील शेते बुडवली, १९३० मध्ये भीषण अवर्षण पडले, आणि जानेवारी १९३१ मध्ये त्याच राज्यातील इंग्लंड नावाच्या गावी भुकेलेले शेतकरी अन्नाची मागणी करीत बाजारपेठेत उतरले, तेव्हा ती बातमी देशभर गाजली.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली आणि १२ मे रोजी शेती समायोजन कायद्यावर त्यांची सही झाली. या कायद्याचा पाया ‘समतुल्यता’ या कल्पनेवर होता: शेतमाल विकून शेतकऱ्याला कारखानदारी वस्तू जेवढ्या विकत घेता येत होत्या, तेवढ्याच त्याला पुन्हा घेता याव्यात. त्यासाठी १९०९ ते १९१४ हा काळ मापदंड मानण्यात आला. त्या वर्षांत कापसाचा सरासरी भाव सुमारे १२.४ सेंट होता. भाव चढवायचा तर पुरवठा घटवला पाहिजे, पुरवठा घटवायचा तर शेतकऱ्याने पेरा कमी केला पाहिजे, आणि त्याने तसे करावे म्हणून त्याला भरपाई दिली पाहिजे, असा तर्क होता. भरपाईचा पैसा सरकारी तिजोरीतून थेट न घेता सूतगिरण्यांवर बसवलेल्या प्रक्रिया-करातून यावा असे ठरले, आणि कापसावर हा कर पौंडाला ४.२ सेंट असा लावण्यात आला. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या खात्यात शेती समायोजन प्रशासन नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तिच्या वित्तविभागाची सूत्रे ऑस्कर जॉन्स्टन यांच्याकडे आली. ते मिसिसिपी राज्यातील डेल्टा अँड पाइन लँड या ब्रिटिश मालकीच्या अवाढव्य कापूस कंपनीचे व्यवस्थापक होते. कापूस विभाग कली कॉब यांच्याकडे गेला, आणि त्यांचाही दक्षिणेतील मळेवाल्यांशी जुना व निकटचा संबंध होता.

कायदा होईपर्यंत पेरण्या आटोपल्या होत्या. म्हणून पहिल्या वर्षी उभे पीकच नांगरून टाकण्याचा निर्णय झाला. जून-जुलैमध्ये प्रत्येक काउंटीत मळेवाल्यांकडून करारावर सह्या घेण्यात आल्या. एकरी सरासरी उतारा किती, किती एकर मोडणार आणि शेत कसे मोजले याची नोंद झाली, आणि परवाना हाती आल्यावर नांगर चालू लागले. पात्या-फुलांनी लगडलेली पऱ्हाटी मातीत गाडण्याचे हे काम शेतकऱ्यांना किती जड गेले याच्या हकिकती त्या वेळच्या वर्तमानपत्रांत विपुल आहेत. त्यांत खेचरांची गोष्ट वारंवार येते. सरीतून चालावे, रोपावर पाय देऊ नये असे वळण या जनावरांना वर्षानुवर्षे मार देऊन लावलेले होते. आता तीच खेचरे रोपांच्या ओळीवर पाय ठेवण्यास तयार होईनात, आणि ज्या चुकीसाठी पूर्वी चाबूक बसत असे ती करत नाहीत म्हणून त्यांना चाबूक मारावा लागला. त्या हंगामात दहा लाखांहून अधिक करारांखाली सुमारे १.०४ कोटी एकर कपाशी मोडण्यात आली. भरपाई उताऱ्यानुसार एकरी ७ ते २० डॉलर होती. हवामान अनुकूल राहिल्यामुळे उरलेल्या क्षेत्रातूनही सुमारे १.३ कोटी गाठी निघाल्या, तरी शरद ऋतूत सरकारने पौंडाला १० सेंट दराने तारण-कर्ज देऊ केले आणि भाव त्या पातळीला टेकला. कर्जबुडीच्या काठावर असलेल्या मळेवाल्यांना, त्यांच्या बँकांना आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांना या पैशाने वाचवले हे नि:संशय. स्वतःची जमीन स्वतः कसणाऱ्या लहान गोऱ्या शेतकऱ्यालाही त्याचा आधार झाला.

बटाईदाराच्या वाट्याचे काय, हा प्रश्न मात्र पहिल्याच हंगामात उभा राहिला. धनादेश मालकाच्या नावे येत असे आणि बटाईदाराचा हिस्सा मालकाने द्यावा अशी अपेक्षा असे. पुष्कळ मालकांनी तो हिस्सा जुन्या थकबाकीपोटी वळता करून घेतला, आणि वही त्यांचीच असल्यामुळे थकबाकी किती हे सांगणारेही तेच होते. वॉशिंग्टनमध्ये विधी विभागातील तरुण वकील अल्जर हिस यांनी पुढील कराराचा मसुदा करताना बटाईदाराचा धनादेश थेट त्याच्याच नावे पाठवावा असे सुचवले. हिस यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर एलिसन स्मिथ स्वतः त्यांच्या कचेरीत आले आणि आपल्या मळ्यावरच्या माणसांना परस्पर धनादेश देणे चालणार नाही, असे त्यांनी बजावले. स्मिथ हे सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष होते. सूचना मागे पडली.

१९३४-३५ च्या करारातील हिशेब जवळून पाहण्याजोगा आहे, कारण सर्व अन्याय त्या आकड्यांतच दडलेला होता. सरकारने दोन प्रकारची रक्कम ठरवली: पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे म्हणून पौंडाला ३.५ सेंट, जे संपूर्ण मालकाचे; आणि समतुल्यता-रक्कम म्हणून पौंडाला १ सेंट, जी पिकाच्या वाटणीप्रमाणे मालक व बटाईदार यांच्यात विभागायची. म्हणजे दर साडेचार सेंटांमागे मालकाला चार आणि अर्धेलीने कसणाऱ्याला अर्धा. समजा एखादे कुटुंब १० एकर कपाशी कसत होते आणि एकरी २०० पौंड रुई निघत होती. त्यातले सुमारे दोन-पंचमांश, म्हणजे ४ एकर, पडीक ठेवले तर ८०० पौंडांवर मालकाला भाड्याचे २८ डॉलर मिळत. समतुल्यतेच्या ८ डॉलरांपैकी चार मालकाचे आणि चार बटाईदाराचे. आता बाजाराचा परिणाम पाहावा. पूर्वी २,००० पौंडांतील आपले अर्धे ६ सेंटांनी विकून बटाईदाराला ६० डॉलर मिळत. आता उरलेल्या ६ एकरांतील १,२०० पौंडांचे अर्धे १० सेंटांनी विकूनही ६० डॉलरच मिळणार. चढलेल्या भावाचा सारा लाभ घटलेल्या पेऱ्याने खाऊन टाकला आणि हाती वाढीव पडले ते चार डॉलर, तेही मालकाने वळते केले नाहीत तर. त्याच जमिनीवर मालकाची प्राप्ती मात्र ६० डॉलरांवरून ९२ वर गेली. शिवाय ६ एकरांसाठी १० एकरांएवढी माणसे कशाला पोसायची, हा विचार त्याच्या मनात येणे हे या हिशेबाचे अपरिहार्य टोक होते: बटाईदाराला काढून तेच शेत रोजंदारीवर करून घेतले, तर समतुल्यतेचा वाटा द्यावा लागणार नव्हता आणि सहा महिन्यांची उचलही वाचणार होती.

हा धोका मसुदा करणाऱ्यांना दिसत होता. म्हणून करारात सातवे कलम घालण्यात आले. पेरा कमी करताना कुळांना कमीत कमी झळ बसावी यासाठी मालकाने सद्भावनेने प्रयत्न करावा, शक्य असेल तेथवर कुळांची नेहमीची संख्या कायम राखावी, आणि १९३४ व १९३५ या दोन वर्षांत त्यांना आपापल्या घरांत बिनभाड्याने राहू द्यावे, असा त्याचा आशय होता. परंतु ‘शक्य असेल तेथवर’ हे शब्द बंधनाला सैल करून टाकीत, आणि जो माणूस मालकाला उपद्रवी वा हितास घातक ठरेल त्याला हे संरक्षण लागू नव्हते. उपद्रवी कोण, हे अर्थातच मालक ठरवणार.

तक्रार करायची झाल्यास ती काउंटी समितीकडे. ही समिती म्हणजे स्थानिक शेतकऱ्यांतून निवडलेल्या सभासदांचे मंडळ असून राज्याच्या कृषी महाविद्यालयाच्या विस्तारसेवेतील अधिकारी, ज्याला काउंटी एजंट म्हणत, तो तिला मार्गदर्शन करी. स्थानिक लोकशाहीचा नमुना म्हणून या समित्यांचा मोठा गौरव झाला. कापूस पट्ट्यात मात्र सभासद असत ते मळेवाले, त्यांचे व्यवस्थापक किंवा त्यांच्याशी व्यवहार असलेले व्यापारी. बटाईदार, विशेषतः कृष्णवर्णीय बटाईदार, तेथे नसे. वॉशिंग्टनला अर्धशिक्षित अक्षरांत लिहिलेली तक्रार गेली, तर ती चौकशीसाठी पुन्हा त्याच काउंटीत परत येई आणि ज्याच्याविरुद्ध ती होती त्याच्याच शेजाऱ्यांच्या हाती पडे. ही रचना कोणी कपटाने आखली असे नव्हे, ती घाईने आखली गेली. परंतु तिच्यातून न्याय मिळणे जवळजवळ अशक्य होते.

पॉइन्सेट काउंटीतील टायरोंझा या छोट्या गावाजवळ हायरम नॉरक्रॉस या वकिली पेशातून आलेल्या मालकाचा फेअरव्ह्यू नावाचा मळा होता. मळा काटेकोर हिशेबाने चालवण्याकडे त्यांचा कल असे, आणि करार लागू झाल्यावर त्यांनी कुटुंबांची संख्या घटवण्यास घेतले. गावात हॅरी लेलँड मिचेल यांचे कपडे धुण्याचे दुकान आणि क्ले ईस्ट यांचा पेट्रोलपंप शेजारी शेजारी होते. दोघेही समाजवादी पक्षाचे, त्यामुळे त्या कोपऱ्याला गावकरी ‘रेड स्क्वेअर’ म्हणत. १९३४ च्या फेब्रुवारीत समाजवादी नेते नॉर्मन थॉमस टायरोंझाला आले. त्यांनी बटाईदारांची खोपटी पाहिली आणि पक्ष उभारण्याऐवजी आधी संघटना उभारा, असा सल्ला मिचेल व ईस्ट यांना दिला. मेम्फिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवणारे विल्यम अँबरसन यांनी आसपासच्या कुटुंबांची पाहणी करून अनुदान-कार्यक्रमामुळे माणसे विस्थापित होत असल्याचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध केला. सरकारने स्वतः नेमलेले ड्यूक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ कॅल्विन हूवर यांनीही कुळांना त्यांचा वाटा मिळत नसल्याचे नोंदवले, त्यामुळे हा केवळ समाजवाद्यांचा आरोप आहे असे म्हणण्यास फारशी जागा उरली नाही.

जुलै १९३४ मध्ये टायरोंझाजवळच्या सनीसाइड शाळेत ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय पुरुष रात्री एकत्र जमले. गोऱ्यांची एक आणि काळ्यांची एक अशा दोन संघटना असाव्यात की एकच, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. जमलेल्यांपैकी एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ १९१९ साली आर्कान्सातीलच फिलिप्स काउंटीत एलेन येथे बटाईदारांनी केलेल्या संघटनेचे सभासद होते; ती केवळ काळ्यांची संघटना गोऱ्या जमावांनी आणि सैन्याने रक्तपात करून चिरडली होती. मालक सर्वांचा एकच असताना त्याला दोन गट एकमेकांविरुद्ध लढवता येऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते मान्य झाले. अशा रीतीने दक्षिणी कूळ-शेतकरी संघ ही संघटना जन्मास आली. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक ई. बी. मॅकिनी तिचे उपाध्यक्ष झाले. त्या काळच्या दक्षिणेत गोरा आणि काळा एका बाकावर बसून सभा घेतात ही गोष्टच कायदा व रूढी यांना आव्हान होती, आणि तिचे श्रेय नेत्यांहून अधिक त्या अठरा जणांच्या शहाणपणाला द्यावयास हवे.

संघाने पहिला मार्ग न्यायालयाचा निवडला. फेअरव्ह्यू मळ्यावरून निघालेल्या कुळांनी सातव्या कलमाच्या आधारे नॉरक्रॉस यांच्याविरुद्ध दावा केला. परंतु करार सरकार आणि मालक यांच्यात असून कुळे त्याचे पक्षकार नाहीत, म्हणून त्यांना तो बजावून घेण्याचा अधिकार नाही, या भूमिकेपुढे तो टिकला नाही. मग संघाचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले आणि कृषिमंत्री वॉलेस यांना भेटले. प्रशासनाच्या विधी विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक यांनी जानेवारी १९३५ मध्ये मेरी कॉनर मायर्स या अनुभवी वकील महिलेला चौकशीसाठी आर्कान्सात पाठवले. तिने शपथपत्रे गोळा केली आणि मानवी हव्यासाची एकच लांबलचक कहाणी ऐकत असल्याची तार वॉशिंग्टनला केली. तिचा अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही.

दरम्यान फ्रँक यांच्या विभागाने सातव्या कलमाचा नवा अर्थ लावला. मालकाने केवळ कुळांची संख्या राखणे पुरेसे नसून तीच कुळे ठेवली पाहिजेत, असा तो अर्थ होता. प्रशासनाचे प्रमुख चेस्टर डेव्हिस त्या वेळी दौऱ्यावर होते. हा अर्थ लागू केला तर काँग्रेसमधील दक्षिणी सभासद सगळा शेती कार्यक्रमच उधळून लावतील, असे परतल्यावर त्यांनी वॉलेस यांना सांगितले, आणि त्यात तथ्य होते. सिनेटमधील बहुमताचे नेते जोसेफ रॉबिन्सन हे तर आर्कान्साचेच होते. ५ फेब्रुवारी १९३५ रोजी फ्रँक, ली प्रेसमन, गार्डनर जॅक्सन आदींना नोकरीतून दूर करण्यात आले आणि सातव्या कलमाचा सैल अर्थच कायम राहिला. नॉर्मन थॉमस यांनी ही बाब अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कानावर घातली, तेव्हा दक्षिणेत नवी पिढी पुढे येत आहे, धीर धरला पाहिजे, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले असे थॉमस सांगत. रूझवेल्ट यांना सामाजिक सुरक्षेचा आणि कामगार हक्कांचा कायदा त्याच वर्षी मंजूर करून घ्यायचा होता व त्यासाठी दक्षिणी मते हवी होती, हे खरे; पण धीर धरण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना मतदानाचा अधिकार नव्हता, हेही तितकेच खरे.

या निर्णयाची वार्ता आर्कान्सात पोहोचली तेव्हा मळेवाल्यांना आता कोणाचीच भीती उरली नाही. संघाचे संघटक वॉर्ड रॉजर्स यांना जानेवारीतच मार्क्ड ट्री येथील भाषणावरून अराजक माजवल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती. मार्चमध्ये शेजारच्या मिसिसिपी काउंटीत बर्डसाँग येथे नॉर्मन थॉमस यांना सशस्त्र जमावाने व्यासपीठावरून खाली ओढून काउंटीबाहेर घालवले. संघाचे वकील सी. टी. कार्पेंटर यांच्या मार्क्ड ट्रीमधील घरावर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि संघाला आपली कचेरी मिसिसिपी नदीपलीकडे मेम्फिसला हलवावी लागली. तरीही त्याच वर्षीच्या शरदात संघाने वेचणीचा संप पुकारला. शंभर पौंड वेचल्याबद्दल एक डॉलर मजुरीची मागणी होती. रात्रीतून चिठ्ठ्या वाटून पुकारलेल्या या संपाने शेते ओस पडली, आणि पूर्ण डॉलर नाही तरी पुष्कळ ठिकाणी दर वाढवून मिळाला. १९३६ च्या जूनमध्ये अर्ल गावाजवळ धर्मोपदेशक क्लॉड विल्यम्स आणि मेम्फिसच्या विली स्यू ब्लॅग्डन या तरुणीला चामडी पट्ट्याने फटके मारण्यात आले; एका गोऱ्या, सुशिक्षित स्त्रीच्या अंगावरील वळांची छायाचित्रे छापून आली तेव्हा देशभर जो क्षोभ उसळला तो कृष्णवर्णीय बटाईदारांना वर्षानुवर्षे बसणाऱ्या माराने कधी उसळला नव्हता.

त्याआधीच, ६ जानेवारी १९३६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रिया-कर घटनाबाह्य ठरवला आणि १९३३ चा कायदा कोसळला. काँग्रेसने आठ आठवड्यांच्या आत मृदसंधारणाच्या नावाने नवा कायदा केला: आता पैसा पीक कमी केल्याबद्दल नव्हे, तर जमिनीची झीज करणाऱ्या कपाशीऐवजी मातीला पोषक पिके घेतल्याबद्दल मिळणार होता, आणि तोही करातून नव्हे तर सर्वसाधारण तिजोरीतून. देशभर गाजलेल्या अत्याचारांमुळे आणि संघाच्या रेट्यामुळे रूझवेल्ट यांनी १९३६ च्या अखेरीस कूळशेतीवर समिती नेमली. तिच्या अहवालातून १९३७ चा बँकहेड-जोन्स कायदा झाला आणि शेती सुरक्षा प्रशासन स्थापन झाले, ज्याने काही हजार कुळांना जमीन घेण्यासाठी दीर्घ मुदतीची कर्जे दिली. गरजूंच्या संख्येपुढे हा निधी अगदीच तोकडा होता. कुळांचा अनुदानातील वाटाही वाढवण्यात आला आणि धनादेश थेट त्यांच्याकडे जाण्याची व्यवस्था हळूहळू सुधारली.

चार वर्षांपूर्वी मागितलेली ही सुधारणा आता आली, पण तोवर जमिनीवरची परिस्थिती बदललेली होती. कुळाला वाटा द्यावा लागतो म्हटल्यावर मालकाने कूळच ठेवू नये, हा मार्ग सर्वांत सोपा ठरला. रोजंदारीवरच्या मजुराचा पिकात हिस्सा नसल्यामुळे संपूर्ण अनुदान मालकाकडे राही. त्यातून आलेल्या रोकडीने त्याला ट्रॅक्टर घेता येई, आणि एका ट्रॅक्टरमुळे कित्येक खेचरे व ती हाकणारी कुटुंबे अनावश्यक होत. जानेवारी १९३९ मध्ये आर्कान्साच्या सीमेला लागून असलेल्या मिसूरीच्या आग्नेय टोकात याचा परिणाम उघड्यावर आला: घरांतून काढलेली सुमारे दीड हजार माणसे, बहुसंख्य कृष्णवर्णीय, ६० व ६१ क्रमांकाच्या महामार्गांच्या कडेला गाद्या, चुली आणि लहान मुले घेऊन कडाक्याच्या थंडीत बसली. त्यांचे नेते ओवेन व्हिटफील्ड हे स्वतः बटाईदार, धर्मोपदेशक आणि संघाचे पदाधिकारी होते. आरोग्यास धोका असल्याचे कारण देऊन राज्य सरकारने हे तळ हलवले, पण आर्थर रॉथस्टाइन यांनी सरकारी नोकरीत असताना काढलेली त्यांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत.

जनगणनेच्या नोंदींनुसार दक्षिणेत १९३० मध्ये सुमारे ७ लाख ७६ हजार बटाईदार होते. १९४० मध्ये ते सुमारे ५ लाख ४१ हजार उरले. ही घट यंत्राने वेचणी सुरू होण्यापूर्वीची आहे हे लक्षात घेतले पाहिजे, कारण संपूर्णपणे यंत्राच्या साहाय्याने पेरलेले आणि वेचलेले पहिले पीक मिसिसिपीतील हॉपसन मळ्यावर १९४४ मध्ये निघाले. यंत्राने माणसाला हुसकावले ही प्रचलित समजूत म्हणून अर्धवट ठरते. आधी अनुदानाने माणसे हलवली, मग त्या रिकाम्या जागेत यंत्र आले. विस्थापितांपैकी अनेक जण युद्धकाळात शिकागो, डेट्रॉइट आणि सेंट लुईसच्या कारखान्यांत गेले. संघ अंतर्गत मतभेदांनी व कम्युनिस्ट कामगार संघटनेशी झालेल्या वादाने १९३९ पर्यंत दुबळा झाला.

अनुदान मात्र कायमचे झाले. १९३८ च्या कायद्याने त्याला स्थिर रूप दिले, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिसिसिपीच्या सनफ्लॉवर काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलँड यांच्या कुटुंबाचा मळा वर्षाला लाखाहून अधिक डॉलर कापूस-अनुदान घेत असताना त्याच काउंटीत राहणाऱ्या फॅनी लू हेमर, ज्यांना मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल मळ्यावरून काढून टाकण्यात आले होते, गरीब कुटुंबांसाठी सहकारी शेती उभारीत होत्या. प्रत्येक पिकामागे एका व्यक्तीला ५५,००० डॉलरांहून अधिक अनुदान देऊ नये, ही मर्यादा काँग्रेसने १९७० मध्ये घातली. मोठ्या मळेवाल्यांनी जमीन नातलगांच्या व भागीदारांच्या नावे विभागून ती पुष्कळ अंशी निष्प्रभ केली. काउंटी समित्याही राहिल्या. कर्जे व साहाय्य देताना कृषी खात्याने वंशभेद केला, असा दावा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये दाखल केला, आणि एप्रिल १९९९ मध्ये न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी त्यातील तडजोडीला मान्यता दिली, तेव्हा अर्जांचा निर्णय करणाऱ्या स्थानिक काउंटी समित्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण नगण्य असल्याची बाब त्यांच्या निकालपत्रात नमूद झाली. त्या तडजोडीखाली सरकारने एकूण एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली. बहुतेक पात्र अर्जदारांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. १९३० च्या दशकात फेअरव्ह्यूसारख्या मळ्यांवरून निघालेल्या कुटुंबांचा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. १९८१ ते १९९६ या काळात शेती करणाऱ्यांपुरताच तिचा लाभ मर्यादित होता.